गाळा घ्यायला तीन महिने आणि शेअर घ्यायला तीन मिनिटं?



मागच्या आठवड्यात केज तालुक्यातल्या एका मुलाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. आपल्याच बॅचचा मुलगा. पिठाची गिरणी आणि मसाला कांडप टाकायचं त्याचं पक्कं झालंय, जागा बघून झालीय, मशीनची ऑर्डरही दिलीय. मेसेज असा होता: "सर, मशीन यायला दोन महिने आहेत. वडिलांनी कापूस विकून दिलेले सव्वादोन लाख खात्यात नुसते पडून आहेत. एका एसएमई आयपीओत टाकू का? ग्रे मार्केटला सत्तर टक्के वर चाललाय."

मी "नको" असं एका शब्दात लिहिलं. पण मला माहितेय, एका शब्दाने कोणी थांबत नाही. तो दुसऱ्याला विचारणार, आणि दुसरा "टाक की" म्हणणार. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. त्याच्यासाठी आणि तुमच्यातल्या त्या सगळ्यांसाठी, ज्यांच्या धंद्याचं भांडवल सध्या डीमॅटच्या दारात उभं आहे.

आधी एक स्पष्ट करतो. शेअर बाजार म्हणजे जुगार, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझे स्वतःचे पैसे त्यात आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण दुकानदार लोक धंद्याची किंमत ओळखण्यात तयार असतो, आणि मोबाईलवर शेअर दिसला की ती सगळी अक्कल गल्ल्यात ठेवून बाहेर पडतो.

समजा, मोंढ्यात एखादं चालतं दुकान विकायला निघालं. तुम्ही काय करता? चार दिवस समोरच्या चहाच्या टपरीवर बसता आणि गिऱ्हाईक मोजता. होलसेलवाल्याला हळूच विचारता, याचं पेमेंट वेळेवर येतं का. मालकाला विचारता, एवढं चांगलं चाललंय तर विकतोस कशाला. उधारीची वही मागता. गाळ्याचा करार किती वर्षांचा राहिलाय ते बघता. तीन महिने घासाघीस करून मग इसार देता. आणि तोच माणूस टेलिग्रामवर एक नाव वाचून, कंपनी काय बनवते हेही न बघता, दीड-दोन लाख तीन मिनिटांत टाकतो. शेअर म्हणजे दुसरं काय असतं? कोणाच्या तरी दुकानाचा तुकडाच.

हे मी उपमा म्हणून म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये खरोखर एका दुकानाचा आयपीओ आला होता. रिसोर्सफुल ऑटोमोबाईल, दिल्लीची कंपनी. यामाहा मोटारसायकलींची दोन शोरूम आणि आठ कर्मचारी. आपल्या माजलगावात किंवा अंबाजोगाईत यापेक्षा जास्त माणसं कामाला असलेल्या डीलरशिप सापडतील. कंपनीला ११७ रुपयांच्या भावाने सुमारे १२ कोटी उभे करायचे होते. लोकांनी अर्ज केले सुमारे ४,८०० कोटींचे. चारशे पटीच्या वर! कमीत कमी लॉट होता १,२०० शेअरचा, म्हणजे १ लाख ४० हजार ४०० रुपये. २९ ऑगस्टला बीएसई एसएमईवर शेअर लागला तो त्याच ११७ ला. वर काहीच नाही. आता या कंपनीने काही गुन्हा केला असं मी म्हणत नाही हं, दोन शोरूम चालवणं हा चांगला धंदा आहे. माझा प्रश्न अर्ज करणाऱ्यांना आहे. त्यातल्या किती जणांनी विचारलं असेल, की दोन शोरूमची किंमत किती असते?

या प्रश्नाचं उत्तर काढायला एकच गुणाकार लागतो: शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. म्हणजे सगळं दुकान घ्यायचं ठरवलं तर कितीला पडेल. त्याला मार्केट कॅप म्हणतात आणि बीएसई-एनएसईच्या साइटवर ते तयार मिळतं. तरी लोक भावच बघतात. "सर, फक्त ४० रुपयाला आहे, स्वस्त आहे." अहो, ४० रुपयाचा शेअर महाग असू शकतो आणि दोन लाखांचा स्वस्त.

मुंबईच्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं घ्या. ऑक्टोबर २०२४ पर्यंत कागदावर तिचा भाव होता ३ रुपये ५३ पैसे. एकूण शेअर फक्त दोन लाख. करा गुणाकार. सात लाख सहा हजारात अख्खी कंपनी! आणि तिच्याकडे एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर होते. साहजिकच त्या भावाला कोणी विकायला तयार नव्हतं. २९ ऑक्टोबरला एक्स्चेंजने खास लिलाव घेतला, आणि त्यानंतर दिवसाच्या शेवटी भाव होता २ लाख ३६ हजार २५०. त्या दिवशी देशातला सगळ्यात 'महाग' शेअर. पण त्याही भावाला पूर्ण कंपनी पडत होती ४,७२५ कोटींना, म्हणजे तिच्याकडच्या मालापेक्षा कमी.

आता उलटं उदाहरण. एलएस इंडस्ट्रीज. जुलै २०२४ मध्ये भाव साडेबावीस रुपये, सप्टेंबरच्या शेवटी २६७ रुपये ५० पैसे. अडीचशेचा शेअर म्हणजे आपल्याला परवडणारा वाटतो. पण एकूण शेअर जवळपास ८५ कोटी होते. गुणाकार केला की कंपनीची किंमत येते सुमारे २२,७०० कोटी, आणि कंपनीची विक्री जवळपास शून्य. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढून हात घातला. पण ज्यांनी वरच्या भावाला घेतला होता त्यांना तोपर्यंत फार उशीर झाला होता.

बरं, गुणाकार झाला. आता त्या आकड्याला वर्षाच्या निव्वळ नफ्याने भागा. आलेला आकडा म्हणजे पी-ई. बीबीएला आम्हाला हे सगळं होतं, पेपरात मार्कही बरे पडले होते. पण मला ते खरं कळलं स्वतःचा दुसरा गाळा घेताना. दुकान वर्षाला सहा लाख नफा देतं आणि मालक तीस लाख मागतो, म्हणजे पाच वर्षांचा नफा तुम्ही आजच त्याच्या हातात ठेवताय. तो तीन कोटी साठ लाख मागायला लागला तर? साठ वर्षांचा नफा. तुम्ही हसून उठून याल. एसएमईत मात्र साठ-सत्तरचा पी-ई असलेले शेअर लोक हौसेने घेतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "सर, ग्रोथ आहे." मान्य. ग्रोथ असेल तर जास्त द्यावंच लागतं. पण हिशोब करा की किती ग्रोथ. साठचा पी-ई पंधरावर यायला, भाव आहे तिथेच राहिला तर, नफा चौपट व्हायला हवा. दर तीन वर्षांनी नफा दुप्पट झाला, म्हणजे वर्षाला २६ टक्क्यांनी वाढला, तरी सहा वर्षं लागतात. सहा वर्षं कंपनीने सगळं बरोबर केलं आणि तुमच्या हातात आलं शून्य. चांगली कंपनी चुकीच्या भावाला घेतली की असं होतं. त्यात फसवणूक नसते, कोणावर केसही करता येत नाही.

आणि हे सगळं कधी, तर नफा खरा असेल तेव्हा. इथे मला जरा जास्त थांबायचंय, कारण ही गोष्ट आपल्याला सीएपेक्षा लवकर कळते.

माझं दुकान मोटर-पंप आणि इलेक्ट्रिकलचं. इथला माल कसा जातो तुम्हाला माहितेय. "कापूस विकला की देतो", "उसाचं बिल आलं की देतो." बिल फाडलं त्या दिवशी वहीत विक्री झाली, नफा झाला. पैसे? ते दिवाळीनंतर बघू. उद्या मला माझं दुकान मोठं दाखवायचं असेल तर मार्चमध्ये चार ओळखीच्यांच्या नावाने पन्नास मोटरींची बिलं फाडायची. विक्री वाढली, नफा वाढला, गल्ल्यात एक रुपया नाही. जून उजाडला की माल 'परत'. म्हणून कोणत्याही छोट्या कंपनीचा नफा बघितला की लगेच त्याच्या शेजारी 'ऑपरेशनमधून आलेली कॅश' नावाची ओळ बघा. नफा दरवर्षी वाढतोय आणि ही ओळ दरवर्षी उणे, तर ती विक्री वहीतच आहे. मग येणं बघा. विक्री २० कोटी आणि ग्राहकांकडून येणं ११ कोटी असेल तर सरासरी दोनशे दिवसांची उधारी झाली. आपल्याकडे दोनशे दिवस उधारी देणाऱ्या दुकानाला लोक काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

आणखी एक. आयपीओच्या आधीचं वर्ष नेहमी संशयाने बघा. तीन वर्षं पाच-सहा टक्के नफ्यावर चालणारी कंपनी अचानक शेवटच्या वर्षी अठरा टक्के कमवायला लागली, तर पाहुणे बघायला येणार म्हणून घराला रंग दिलाय. रंग देऊ नये असं नाही, पण भिंतीची ओल आपण बघायची.

पैसे कशासाठी गोळा करताय, हेही माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. आता महाराष्ट्रातलीच गोष्ट. व्हॅरेनियम क्लाउड ही मुंबईची कंपनी सप्टेंबर २०२२ मध्ये एनएसई इमर्जवर लागली. गोवा, सावंतवाडी आणि कुडाळला छोटी डेटा सेंटर उभारू, डिजिटल शिक्षणाची केंद्रं काढू, असं माहितीपत्रकात होतं. नावात क्लाउड, कामात डेटा सेंटर, ऐकायला झकास. मे २०२४ मध्ये सेबीचा अंतरिम आदेश आला. आयपीओचे पैसे सांगितलेल्या कामाला न वापरल्याचं आणि हिशोब फुगवल्याचं प्रथमदर्शनी दिसतंय, असं त्यात होतं. मला या प्रकरणात एकच गोष्ट खटकते. कुडाळ काही अमेरिकेत नाही. आपल्याकडून गेलं तरी एका रात्रीत पोचतो माणूस. आणि सिंधुदुर्गात तर प्रत्येकाच्या ओळखीचं कोणी ना कोणी असतं. एक फोन, "अरे, तिथे काही बांधकाम चाललंय का बघ रे." शेअर घेणाऱ्या किती जणांनी तो फोन केला असेल?

तुम्हाला वाटत असेल, सेबी आहे ना वर. इथे एक गैरसमज काढून टाका. एसएमईच्या आयपीओची कागदपत्रं सेबी मोठ्या आयपीओसारखी तपासत नाही, ते काम एक्स्चेंजकडे असतं. सेबी बहुतेक वेळा नंतर येते. एक मात्र खरं, २८ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे त्या दोन शोरूमवाल्या शेअरच्या लिस्टिंगच्या आदल्याच दिवशी, सेबीने गुंतवणूकदारांना जाहीर सावध केलं होतं. काही एसएमई कंपन्या आणि त्यांचे प्रवर्तक लिस्टिंगनंतर कामाचं अवास्तव चित्र उभं करतात, मग बोनस, स्प्लिट, प्रेफरन्शियल अलॉटमेंटच्या घोषणा होतात, भाव चढतो आणि प्रवर्तक वरच्या भावाला आपले शेअर काढून घेतात, असा त्याचा मतितार्थ होता.

बोनस आणि स्प्लिटचं कोडं तर मला कळतच नाही. एका भाकरीचे चार तुकडे केले म्हणून कोणाचं पोट जास्त भरतं का? पण घोषणा झाली की भाव पळतो. मोठ्या ऑर्डरच्या बातमीचंही तेच. भारत ग्लोबल डेव्हलपर्स या कंपनीचा शेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये १६ रुपये १४ पैशांना होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये १,७०२ रुपये ९५ पैशांना. वर्षात शंभर पटीच्या वर. मोठमोठ्या कंपन्यांकडून ऑर्डर मिळाल्याच्या घोषणा येत होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने ट्रेडिंग थांबवलं आणि त्या ऑर्डरबद्दलच प्रश्नचिन्ह उभं केलं. कंपनीचं आधीचं नाव आणि आधीचा धंदाही वेगळाच होता. कालपर्यंत कापड, आज सोलर, उद्या एआय, असा बोर्ड बदलणारा दुकानदार तुमच्या गल्लीत असता तर तुम्ही त्याला उधार दिलं असतं का?

आता माझी गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. २०२१ साल, सगळीकडे तेजी. एका ग्रुपवरच्या टिपवर मी ८६ रुपयाने १ लाख ६० हजारांचे शेअर घेतले. घेतल्यापासून रोज अप्पर सर्किट. रोज पाच टक्के म्हटलं की वीस दिवसांत पैसे अडीच पटीच्या वर जातात, हा हिशोब मी दुकानात बसून कॅल्क्युलेटरवर करायचो. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी मोबाईलमध्ये. भाव १४० च्या वर गेला, मी विकले नाहीत. मग एक दिवस लोअर सर्किट. दुसऱ्या दिवशीही. विकायला टाकलं तर घेणाराच नाही. रोज सकाळी सव्वानऊला ऑर्डर टाकायची आणि साडेतीनला ती तशीच परत. शेवटी ३१ ला सुटलो. हातात आले सत्तावन्न हजार.

पण खरा तोटा तो लाखाचा नव्हता. ते पैसे उन्हाळ्याच्या सीझनच्या मालाचे होते. फेब्रुवारीपासून बोअरला मोटर सोडायची घाई असते, तेव्हा रोख भरून माल उचलला की होलसेलवाला डिस्काउंट देतो. माझ्याकडे रोख नव्हती. उधारीवर महाग माल घेतला, तोही अर्धाच. दहा वर्षांचं गिऱ्हाईक "साडेसातची मोटर नाही का?" म्हणून समोरच्या दुकानात गेलं आणि तिकडचंच झालं. शेअरमधला तोटा स्टेटमेंटवर दिसतो. हा कुठे दिसत नाही.

म्हणून रोजच्या सर्किटवाल्या शेअरची मला आता भीतीच वाटते. किती शेअरची उलाढाल होतेय ते बघा. दिवसाला चारशे-पाचशे शेअर हातोहात फिरतायत आणि भाव रोज वर, म्हणजे मोजके लोक एकमेकांना विकत असण्याची दाट शक्यता. एसएमईत तर विकतानाही लॉटमध्येच विकावं लागतं. शंभर शेअर विकून घरखर्च काढू, असं जमत नाही. आणि ग्रे मार्केटचा भाव हा कोणत्याही एक्स्चेंजवरचा भाव नाही, कोणीतरी बोललेला आकडा आहे. आपण घरात पक्क्या बिलाशिवाय फ्रीज घेत नाही, आणि या आकड्यावर दोन लाख लावतो.

२०२५ पासून सेबीने एसएमई आयपीओला किमान अर्ज दोन लाखांच्या वर नेलाय. आधी तो लाखाच्या आसपास होता. छोट्या माणसाला बाहेर ठेवलं म्हणून बरेच जण नाराज आहेत. मला निर्णय पटतो. पण आपल्याकडे त्याचा उलटा परिणामही दिसतोय. ज्याच्याकडे लाख आहेत तो लाख कमी पडतात म्हणून मेव्हण्याकडून आणतो, सोनं गहाण टाकतो. दार उंच केलं तर माणूस शिडी आणतो.

बीड जिल्ह्यात हे बोलणं मला जास्त गरजेचं वाटतं. ज्ञानराधा मल्टिस्टेटचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, २०२३ च्या शेवटी शाखा बंद पडल्यापासून ठेवीदारांचे जे हाल झाले ते आपण घराघरात बघितलेत. त्यानंतर लोकांचा पतसंस्थांवरचा विश्वास गेला आणि बराच पैसा मोबाईलमधल्या अ‍ॅपकडे वळला. पैशाची जागा बदलली, पण सवय तीच राहिली. तेव्हा "बँकेपेक्षा एवढं जास्त व्याज हे देतात कुठून?" हे विचारणाऱ्याला लोक खुळ्यात काढायचे. आता "ही कंपनी एवढी महाग का?" विचारलं की तेच होतं.

मुलाला शेवटी मी हे लिहिलं: त्या कंपनीचं माहितीपत्रक एनएसईच्या साइटवरून उतरवून घे आणि मला चार आकडे पाठव. पूर्ण कंपनीची किंमत, मागच्या वर्षीचा नफा, ऑपरेशनची कॅश, आणि येणं. आणि पाचवा आकडा तुझ्या गिरणीचा: पहिल्या महिन्याची मिरची, हळद, धणे, लाइट डिपॉझिट मिळून किती लागणार.

काल संध्याकाळी पाचवा आकडा आला. १ लाख ८५ हजार. खाली लिहिलं होतं, "सर बाकीचे चार काढतोय, ४०० पानं आहेत." मी म्हटलं, काढ, घाई नाही. रविवारच्या व्हिडिओत तेच माहितीपत्रक आपण स्क्रीनवर उघडणार आहोत, येणं कुठल्या पानावर सापडतं तिथपासून. वही-पेन घेऊन बसा.